डॉक्टरांना न सांगितलेली कॅप्सूल

(आकाशवाणीवरील आरोग्यविषयक भाषणाचं संपादित रूप)

सांध्यांच्या जुनाट दुखण्यानं त्रासलेल्या बहुतेक घरांत एक वस्तू हमखास सापडते. ती औषधांच्या डब्यात नसते. जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी किंवा देवघराच्या कोनाड्यात तिची बाटली ठेवलेली असते. घरातली माणसं तिला औषध म्हणतच नाहीत. 'ते होय, ते नुसतं फूड सप्लिमेंट आहे, नैसर्गिक आहे,' असं म्हणतात. आज या बाटलीबद्दल बोलायचं आहे.

सांगली जिल्ह्यातल्या एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे तपासायला येतात. गावात सगळे त्यांना बाई म्हणतात, म्हणून मीही बाईच म्हणतो. त्यांना रूमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. पूर्वी सकाळी उठल्यावर दोन-दोन तास बोटं मिटत नसत, पोळी लाटता येत नसे. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि जोडीला फॉलिक अ‍ॅसिड सुरू केलं, तेव्हापासून त्या चांगल्या होत्या. मेथोट्रेक्सेट यकृताला त्रास देऊ शकतं, म्हणून दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं असा आमचा शिरस्ता. अनेक वर्षं तपासणी निर्वेध आली. एका वेळी मात्र एसजीपीटी चारशेच्या घरात आलं. एरवी ते चाळिसाच्या आसपास किंवा त्याखाली असतं. यकृताच्या पेशी दुखावल्या की हा आकडा वाढतो.

मी विचारलं, "बाई, दुसरं कुठलं औषध चालू आहे का?"

"नाही हो डॉक्टर, तुमच्याशिवाय कुणाचंच नाही."

मी मेथोट्रेक्सेट थांबवलं. संशय त्याच्यावरच होता. दोन आठवड्यांनी आकडा कमी व्हायला हवा होता. तो वाढून आठशेच्या वर गेला. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसू लागले. औषध बंद झाल्यामुळे सांधेही पुन्हा सुजले. कावीळ झाली म्हटल्यावर कुणा नातेवाइकानं काविळीचा काढा आणून दिला, तोही सुरू झाला. हिपॅटायटिसच्या विषाणूंच्या सगळ्या तपासण्या केल्या, त्यात काही सापडलं नाही. शेवटी त्यांच्या सूनबाई एक कापडी पिशवी घेऊन आल्या. "आई हेही घेतात, म्हटलं दाखवावं." पिशवीत तीन बाटल्या होत्या. एकीत हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल, मिरीच्या अर्कासह. दुसरीत गुळवेलीच्या गोळ्या. तिसरीत ग्लुकोसामाइन. पहिल्या दोन्ही बाटल्या सुमारे अडीच महिन्यांपूर्वी सुरू झाल्या होत्या.

बाई खोटं बोलल्या नव्हत्या. मी औषधाबद्दल विचारलं होतं आणि त्यांच्या लेखी ते औषध नव्हतं. चूक माझ्या प्रश्नात होती.

दुखणं एक, आजार दोन

पुढे जाण्याआधी एक फरक ध्यानात घेऊ. 'सांधेदुखी' या एका शब्दाखाली आपण निदान दोन वेगळे आजार घालतो. एक झिजेचा, ऑस्टिओआर्थ्रायटिस. वय वाढतं, वजन वाढतं, गुडघ्यातली कूर्चा झिजते आणि जिना चढताना कळ येते. दुसरा दाहाचा, त्यातला मुख्य रूमॅटॉइड आर्थ्रायटिस. आपल्याकडे आमवात म्हणतात तो बहुधा हाच. यात शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा आपल्याच सांध्यांच्या अस्तराला शत्रू समजून त्यावर हल्ला करते. हा दाह वेळीच आवरला नाही, तर सांधे कायमचे वाकडे होतात.

दोन्ही आजार वर्षानुवर्षं चालतात, त्यांच्यात चढउतार होतात. नेमकं दुखणं टोकाला गेलं असताना माणूस नवीन काहीतरी सुरू करतो. दुखणं आपोआप उतरणीला लागतं आणि श्रेय नव्या बाटलीला मिळतं. शिवाय 'मी काहीतरी करतो आहे' या विश्वासानंही बरं वाटतं. हा परिणाम किती मोठा असतो? अमेरिकेत गुडघेदुखीच्या १,५८३ रुग्णांवर झालेली ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिनची मोठी चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात ज्यांना नुसत्या औषधविरहित गोळ्या दिल्या होत्या, त्यांच्यातही शंभरातल्या साठ जणांचं दुखणं ठरवलेल्या मापाइतकं कमी झालं. दोन्ही पूरकं एकत्र घेणाऱ्यांत हे प्रमाण सदुसष्टच्या आसपास होतं. एकूण रुग्णांचा विचार करता हा फरक निर्णायक ठरला नाही.

सगळीच पूरकं निरुपयोगी आहेत, असं मी म्हणत नाही. मोठ्या मात्रेत घेतलेल्या माशाच्या तेलानं आमवातातलं दुखणं आणि सकाळचं आखडणं थोडं कमी होतं, याला बऱ्यापैकी आधार आहे. हळदीच्या अर्कानं गुडघेदुखीत आराम मिळाल्याचे लहान अभ्यासही आहेत. मात्र ज्या पदार्थाचा शरीरावर गुण येतो, त्याचा कधी ना कधी अवगुणही येणार. 'साइड इफेक्ट अजिबात नाही' असं ज्याबद्दल खात्रीनं सांगितलं जातं, त्यात बहुधा इफेक्टही नसतो किंवा सांगणाऱ्याला पुरतं ठाऊक नसतं.

डब्यातली हळद, बाटलीतली हळद

आता हळदीकडे वळू. हळदीबद्दल आपल्याला अभिमान आहे आणि तो असावाच. जखमेवर हळद लावण्याच्या उपायाचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिलं गेलं, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरनं ते आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. लग्नापासून सर्दीपर्यंत हळद आपल्या घरात आहे. मग तीच हळद यकृताला कशी बाधेल, असा प्रश्न पडणं साहजिक आहे.

उत्तर मात्रेत आणि घडणीत आहे. हळदीच्या पुडीत करक्युमिन हे मुख्य द्रव्य साधारण तीन टक्के असतं. भाजी-आमटीतून दिवसाला एक-दोन ग्रॅम हळद पोटात गेली, तर करक्युमिन मिळतं तीस ते साठ मिलिग्रॅम. त्यातलंही रक्तात फारच थोडं उतरतं. आतडं आणि यकृत मिळून बहुतेक सगळं बाहेर टाकतात. आता बाटलीचं लेबल वाचा. 'अर्क ५०० मिलिग्रॅम, ९५ टक्के करक्युमिनॉइड्स' असं असेल, तर दिवसाला दोन कॅप्सूलमधून साडेनऊशे मिलिग्रॅम जातं. एवढ्यासाठी हळद खायची झाली तर रोज तीस ग्रॅमहून अधिक खावी लागेल. अन्नातल्या रंगद्रव्यांचा विचार करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीनं करक्युमिनची रोजची मर्यादा वजनाच्या दर किलोमागे तीन मिलिग्रॅमपर्यंत सांगितली आहे. साठ किलोच्या माणसाला ती होते १८० मिलिग्रॅम.

गोष्ट इथं थांबत नाही. करक्युमिन रक्तात उतरत नाही ही उत्पादकांची अडचण. १९९८ मध्ये बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की दोन ग्रॅम करक्युमिनसोबत मिरीतलं पायपरिन वीस मिलिग्रॅम दिलं, तर रक्तातलं करक्युमिनचं प्रमाण सुमारे वीसपट वाढतं. तेव्हापासून बऱ्याच कॅप्सूलमध्ये मिरीचा अर्क घालतात आणि बाटलीवर ते अभिमानानं छापतात. पण हे घडतं कसं? पायपरिन आतड्यातल्या आणि यकृतातल्या, बाहेरची द्रव्यं निकामी करणाऱ्या यंत्रणेला मंद करतं. दारावरचा पहारेकरी झोपवला की हवी ती व्यक्ती आत येते, पण नको ती माणसंही येतात. फेनिटॉइनसारख्या फिटच्या औषधाची आणि प्रोप्रॅनोलॉलसारख्या हृदयाच्या औषधाची रक्तातली पातळी पायपरिननं वाढते, हे अभ्यासांत दिसलं आहे.

परिणाम काय झाला ते पाहा. इटलीत २०१९ मध्ये हळदीची पूरकं घेणाऱ्यांत यकृतदाहाचे वीसहून अधिक रुग्ण नोंदले गेले. तिथल्या सरकारनं लेबलवर इशारा छापणं सक्तीचं केलं: यकृताचा, पित्तमार्गाचा विकार किंवा पित्ताचे खडे असतील तर घेऊ नये; इतर औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारावं. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृतविकारांची नोंद ठेवणारं रुग्णालयांचं एक जाळं आहे. त्यांनी २०२२ मध्ये हळदीशी संबंधित दहा रुग्णांचा तपशील प्रसिद्ध केला. हे सगळे रुग्ण २०११ नंतर नोंदलेले. दहातल्या आठ महिला होत्या. पाच जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं, एकाचा मृत्यू झाला. ऑस्ट्रेलियाच्या औषध नियंत्रकांकडे २०२३ च्या जूनअखेरपर्यंत अशा १८ नोंदी जमल्या आणि त्यांनीही इशारा दिला.

लाखो लोक हळदीच्या कॅप्सूल घेतात, त्या मानानं हे आकडे लहान आहेत. बहुतेकांना काही होणार नाही. मग कुणाला होतं? अमेरिकेतल्या दहापैकी सात जणांत एचएलए-बी ३५:०१ हा विशिष्ट जनुकप्रकार सापडला. एरवीच्या लोकसंख्येत तो याहून पुष्कळच कमी जणांत असतो. पेशीतली द्रव्यं रोगप्रतिकार यंत्रणेला 'हे ओळखीचं की परकं' म्हणून दाखवण्याचं काम एचएलएची प्रथिनं करतात. काहींच्या शरीरात ही ओळख चुकते आणि स्वतःच्याच यकृतावर हल्ला होतो. म्हणून हा त्रास फक्त मात्रेवर अवलंबून नाही. शेजारणीला त्याच बाटलीनं काहीच झालं नाही, ही तुमच्यासाठी हमी नाही. शिवाय त्रास पहिल्या दिवशी होत नाही. साधारण एक ते चार महिन्यांनी होतो. तोवर बाटली इतकी अंगवळणी पडलेली असते, की तिच्यावर संशयच येत नाही.

प्रतिकारशक्ती वाढवायची कशाला?

आता बाईंच्या पिशवीतली दुसरी बाटली, गुळवेल. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा झाला. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत मुंबईतल्या डॉक्टरांना यकृतदाहाचे असे सहा रुग्ण दिसले, ज्यांनी गुळवेल घेतली होती. ही माहिती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढच्या वर्षी देशातल्या तेरा केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांचा अभ्यास मांडला. यातल्या अनेकांत आजाराचं रूप 'ऑटोइम्यून', म्हणजे शरीरानंच शरीरावर उलटण्याचं होतं. आयुष मंत्रालयानं हे निष्कर्ष मान्य केले नाहीत. गुळवेल सुरक्षित आहे आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी घोटाळा होऊ शकतो, अशी मंत्रालयाची भूमिका होती. हा वाद तज्ज्ञांवर सोडू. आमवाताच्या रुग्णानं मात्र एक साधा विचार करावा. आपल्या आजारात प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही, ती भरकटलेली आहे. आम्ही औषधं देतो ती तिला लगाम घालण्यासाठी. अशा वेळी 'प्रतिकारशक्ती वाढवणारं' काही घेणं म्हणजे एकीकडे लगाम खेचायचा आणि दुसरीकडे घोड्याला टाच मारायची.

याचं जुनं उदाहरण अल्फाल्फाचं आहे. अल्फाल्फा म्हणजे आपल्या शेतकऱ्यांची लसूणघास. सांधेदुखीवर म्हणून तिच्या गोळ्या आजही विकल्या जातात. १९८२ मध्ये माकडांना अल्फाल्फाचे मोड खाऊ घातले तेव्हा त्यांच्यात ल्युपससारखा आजार दिसला. ल्युपस हा आमवाताचाच भाऊबंद. पुढच्या वर्षी, शांत झालेला ल्युपस अल्फाल्फाच्या गोळ्यांनंतर पुन्हा उसळल्याचे दोन रुग्ण नोंदले गेले. गुरांना चालतं म्हणून सगळ्यांना चालतं असं नाही.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर

तिसरी बाटली ग्लुकोसामाइनची. ते बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून काढतात. त्यामुळे शाकाहारी मंडळींनी आणि कोळंबीची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी लेबल वाचलेलं बरं. बाकी बहुतेकांना ते पोटाच्या किरकोळ तक्रारींपलीकडे त्रास देत नाही. खरा धोका वॉरफरिन घेणाऱ्यांना. हृदयाची झडप बदललेल्यांना रक्त गोठू नये म्हणून हे औषध देतात आणि आयएनआर नावाची तपासणी करून त्याची मात्रा तोलून धरतात. हा आकडा सहसा दोन ते साडेतीनच्या दरम्यान ठेवायचा असतो. ग्लुकोसामाइन सुरू केल्यावर तो वाढल्याच्या नोंदी आहेत. हळदीच्या बाबतीत तर न्यूझीलंडच्या औषध नियंत्रकांनी २०१८ मध्ये एक रुग्ण जाहीर केला. वॉरफरिनवर नीट चाललेल्या माणसानं हळदीचं उत्पादन सुरू केलं आणि काही आठवड्यांत आयएनआर दहाच्या वर गेला. एवढ्या आकड्याला मेंदूतही रक्तस्राव होऊ शकतो.

माशाच्या तेलानं ढेकरा येतात, पोट बिघडतं. पण दिवसाला चार ग्रॅमपर्यंतच्या मोठ्या मात्रांच्या चाचण्यांत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचं प्रमाण थोडं वाढलेलं दिसलं. हळदीत ऑक्झलेट भरपूर असल्यानं मुतखड्याची खोड असलेल्यांनीही तिच्या कॅप्सूलपासून जपून राहावं.

फार लवकर गुण आला तर

काही पुड्या आणि गोळ्या अशा असतात, की दोन दिवसांत दुखणं पळतं, भूक लागते, चेहऱ्यावर तुकतुकी येते. अशा वेळी आनंद होण्याऐवजी शंका यावी. हे सगळं स्टिरॉइडचं लक्षण असू शकतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०२२ मध्ये 'आर्ट्री किंग' या नावानं विकल्या जाणाऱ्या सांधेदुखीच्या पूरकांबद्दल वारंवार इशारे दिले. तपासणीत त्यात डायक्लोफिनॅक आणि डेक्सामेथासोन सापडलं. एक वेदनाशामक, दुसरं जोरकस स्टिरॉइड. लेबलवर दोन्हींचा पत्ता नव्हता. आपल्याकडेही बिनलेबलच्या पुड्यांत स्टिरॉइड आढळतं. महिनोन्महिने ते पोटात गेलं की साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, चेहरा सुजतो आणि शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं थांबवतं. म्हणून अशी पुडी घेत असाल तर ती एकदम बंद करू नका. रक्तदाब कोसळू शकतो. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. ते मात्रा हळूहळू उतरवतील.

मग करायचं काय?

पहिली गोष्ट, लेबल वाचा. आपल्या देशात अशा पूरकांचे नियम अन्नसुरक्षा प्राधिकरण ठरवतं. त्यावर 'हेल्थ सप्लिमेंट' आणि 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' असं इंग्रजीत छापणं बंधनकारक आहे. म्हणजे औषध म्हणून वापरायचं नाही, हे बाटलीच सांगते. विकणारा मात्र नेमकं उलटं सांगत असतो. ही उत्पादनं अन्न या सदरात येत असल्यानं बाजारात आणण्याआधी औषधासारख्या चाचण्या रुग्णांवर कराव्या लागत नाहीत. काही बाटल्यांवर आयुर्वेदिक औषधाचा परवाना असतो. मग ते औषधच झालं. ते वैद्यांच्या देखरेखीखाली घ्या.

दुसरी गोष्ट, एका वेळी एकच नवी वस्तू सुरू करा आणि तारीख लिहून ठेवा. तीन बाटल्या एकदम सुरू केल्या तर गुण कुणाचा आणि अवगुण कुणाचा, हे कुणालाच सांगता येणार नाही. यकृताचा, मूत्रपिंडाचा विकार असेल, पित्ताचे खडे असतील, गर्भारपण असेल, मेथोट्रेक्सेट किंवा वॉरफरिन चालू असेल, तर विचारल्याशिवाय सुरूच करू नका.

तिसरी गोष्ट, लक्षणं ओळखा. अन्नावरची वासना जाणं, मळमळ, कमालीचा थकवा, अंगाला खाज, गडद लघवी, पिवळे डोळे यांपैकी काही दिसलं तर हळदीची, गुळवेलीची किंवा दुसरी पूरकं थांबवा आणि त्याच दिवशी तपासून घ्या. काविळीवर आणखी एखादा काढा घेऊ नका. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधंही आपल्या मनानं बंद करू नका. त्याबद्दल त्यांनाच विचारा. असा त्रास झालाच तर त्याची नोंद व्हावी. सरकारच्या औषधसुरक्षा कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक आहे, त्यावर रुग्णालाही कळवता येतं.

चौथी गोष्ट आम्हा डॉक्टरांसाठी. 'दुसरं औषध चालू आहे का' हा प्रश्न पुरेसा नाही. आता मी विचारतो, "सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय जातं? काढा, चूर्ण, कॅप्सूल, पावडर, शेजाऱ्यांनी दिलेलं, टीव्हीवर पाहून मागवलेलं?" हे विचारताना कपाळावर आठी असू नये. डॉक्टर रागावतील या भीतीनंच निम्मी माहिती घरी राहते.

बाईंच्या दोन्ही बाटल्या आणि काविळीचा काढा बंद केला. सहा आठवड्यांत यकृताच्या तपासण्या पूर्वपदावर आल्या. दोष हळदीच्या कॅप्सूलचा की गुळवेलीचा, हे नक्की सांगता येणार नाही आणि पुन्हा देऊन पाहणं धोक्याचं, म्हणून दोन्ही कायमच्या बंद. मेथोट्रेक्सेट थोड्या मात्रेनं पुन्हा सुरू केलं आणि ते त्यांना पूर्वीसारखंच मानवलं. ज्याच्यावर आम्ही आळ घेतला होता, ते औषध निर्दोष होतं. मधल्या चार महिन्यांत मात्र उजव्या हाताची दोन बोटं किंचित वाकली, ती सरळ झाली नाहीत.

बाई आजही आमटीत हळद घालतात, रात्री हळदीचं दूध पितात, त्याला माझी काही हरकत नाही. तपासणीला येताना त्या कापडी पिशवी बरोबर आणतात. घरात असेल नसेल ते सगळं तिच्यात असतं. आत आल्या की ती टेबलावर रिकामी करतात आणि म्हणतात, "घ्या डॉक्टर, तपासा वह्या." तुमच्या घरातल्या सांधेदुखीच्या माणसासाठी आज अशी एक पिशवी काढून ठेवा आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना ती विसरू नका.